लाल टिक कुणालाच येणार नाही

"उद्यापासून नवे कम्युनिकेशन नियम लागू" हा मेसेज परत फिरू लागलाय. सगळे कॉल रेकॉर्ड होणार, व्हॉट्सअॅप-फेसबुकवर नजर राहणार, तुमचा फोन मंत्रालयाच्या यंत्रणेला जोडला जाणार. दोन निळ्या आणि एक लाल टिक म्हणजे सरकार कारवाई करू शकतं, तिन्ही लाल म्हणजे कारवाई सुरू झाली. राजकीय किंवा धार्मिक विषयावर काही लिहिलंत तर विनावॉरंट अटक. शेवटी अर्थातच "सर्वांना कळवा". केंद्र सरकारच्या पीआयबी या माहिती विभागाच्या फॅक्ट चेकने हा खोटा असल्याचं अनेकदा सांगून झालंय, तरी तो कात टाकून पुन्हा येतोच.

एरवी मी तो पुसून मोकळा झालो असतो. पण या खेपेला तो लोकमान्य नगरातल्या आमच्या आत्याकडे पोचला. तिच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानात गहू कमी मोजून मिळतो, म्हणून आत्या पावत्यांचे फोटो जमवत होती. १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार करायची होती. मेसेज वाचला आणि सगळे फोटो उडवले. वर मलाच ऐकवलं, "अरे, कशाला नसती आफत? आणि ज्याच्या मनात पाप नाही त्याला कसली भीती?" दोन्ही वाक्यं एका दमात!

टिकांचं पटकन उरकतो. एक राखाडी म्हणजे मेसेज निघाला, दोन राखाडी म्हणजे पोचला, निळ्या म्हणजे वाचला. लाल टिक अस्तित्वातच नाही. आणि ज्याच्यावर पाळत ठेवायची त्यालाच खूण करून कळवणारं सरकार कुठल्या देशात असतं?

"सगळे कॉल रेकॉर्ड" यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. आपल्याकडे फोन ऐकायचा तर सहसा केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचा लेखी आदेश लागतो, न्यायाधीशाची परवानगी लागत नाही. केंद्र असे आदेश महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० काढत होतं, हे माहिती अधिकाराखालच्या एका अर्जाला गृह मंत्रालयानेच दिलेलं उत्तर, साधारण २०१३ च्या सुमाराचं. म्हणजे सगळ्यांचे कॉल नक्कीच नाहीत, पण आकडा लहानही नाही. सगळ्यांवर नजर ठेवली जाते तेव्हा ती कशी असते, तेही आपल्याला ठाऊक आहे, कारण एका माणसाने ते आतून बाहेर आणलं. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटसमोर गुप्तचर प्रमुख जेम्स क्लॅपर यांना विचारलं गेलं, कोट्यवधी अमेरिकनांची कुठली माहिती तुम्ही गोळा करता का? ते म्हणाले, नाही, निदान जाणूनबुजून तरी नाही. तीन महिन्यांत तिथल्या गुप्तचर संस्थेसाठी कंत्राटी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने दिलेला कोर्टाचा गुप्त आदेश छापून आला: व्हेरायझन या फोन कंपनीने ग्राहकांच्या कॉलची यादी रोजच्या रोज सरकारला द्यायची. बोलणं नाही, फक्त कुणी कुणाला, कधी, किती वेळ. २०१५ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने हा प्रकार कायद्यात बसत नाही असं सांगितलं. स्नोडेनच्याच कागदपत्रांत भारतही होता, अमेरिकेने एका महिन्यात इथून गोळा केलेल्या ६३० कोटी नोंदी, जगात पाचवा. आणि हो, बहामाज नावाच्या चिमुकल्या देशातले जवळजवळ सगळे मोबाइल कॉल खरोखरच रेकॉर्ड होत होते, हेही त्यातूनच कळलं. यातलं काहीही लोकांना फॉरवर्डमधून कळलेलं नाही.

आता विनावॉरंट अटक. माझा सगळा राग या ओळीवर आहे, कारण आत्याने फोटो पुसले ते हिच्यामुळे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हाच्या बंदवर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं, दोघींना अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ ला कोर्टाने आयटी कायद्याचं, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं कलम ६६ अ मुळासकट उपटून टाकलं. न्या. नरिमन यांनी त्या निकालात तीन पायऱ्या सांगितल्यात: चर्चा, मताचा प्रचार आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही झोंबल्या तरी त्यांना संरक्षण आहे, कायदा आड येतो तो तिसरीला. हा निकाल आजही कायम आहे. रद्द झालेल्या त्याच कलमाखाली पुढे काही वर्षं पोलीस गुन्हे नोंदवत राहिले, २०२१ मध्ये कोर्टालाच धक्का बसला, हेही खरं. दोन समाजांत वैर पेटवणाऱ्या मजकुराला वेगळं कलम आहे आणि त्यात विनावॉरंट अटक होऊ शकते. सणासुदीला असा मजकूर टाकू नका म्हणून आपल्याकडे आदेशही निघतात. पण कंट्रोलच्या पावतीचा फोटो यातल्या कशात बसतो? दुकानदार सोडला तर त्याने कुणाचं पित्त खवळणार आहे?

फोन मंत्रालयाला जोडण्याच्या गप्पांवर शब्द खर्च करत नाही.

उरलं ते "मनात पाप नाही". हे मेसेजमध्ये नाही, आत्याची स्वतःची भर आहे, पण शंभर घरांत हेच म्हणतात. मध्य प्रदेशातला व्यापम हा भरती-प्रवेश परीक्षांचा घोटाळा बाहेर काढणाऱ्यांपैकी डॉ. आनंद राय आपल्या इंदूरचे, आशीष चतुर्वेदी ग्वाल्हेरचे. त्यांच्या मनात कसलं पाप होतं? तरी ते कुणाशी बोलतात हे कुणाच्या हाती लागावं आणि कुणाच्या लागू नये, हा त्यांच्या जिवाचा प्रश्न होता. सत्येंद्र दुबे या इंजिनिअरने महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा अशी विनंती करून. पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. वर्षभराने, २७ नोव्हेंबर २००३ ला, गयेत त्यांना गोळी घातली. सीबीआयने ती लुटीतली हत्या ठरवली. ते मान्य केलं तरी नाव फुटलं होतं ते फुटलंच होतं.

त्यावर गदारोळ झाला, मागण्या झाल्या आणि अखेर तक्रार करणाऱ्याचं नाव जपणारा व्हिसल ब्लोअर्स संरक्षण कायदा आला. राष्ट्रपतींची सही मे २०१४ ची. दुसऱ्याच वर्षी तो पातळ करणारी दुरुस्ती लोकसभेने मंजूर केली, पुढे तीही बारगळली. मूळ कायदा लागू करण्याची अधिसूचना मात्र अजून निघालेली नाही.