तासाला दोन लिटर पाणी आणि भाच्याची सुजलेली बोटं

‘शंभर दिवसांत लोहपुरुष, तेही कोचला एक रुपया न देता’ हा मेसेज गेले काही महिने धुळे-शिरपूरकडच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. मला चारदा आला, चारदा मी पुसून टाकला. पाचव्यांदा तो माझ्या भाच्याकडे गेला. त्याने तो वाचला आणि पाळला, म्हणून मला हे लिहायला बसावं लागतंय.

भाचा गोव्याच्या अर्ध्या आयर्नमॅनची, म्हणजे मेसेजातल्या ‘लोहपुरुष’ शर्यतीच्या निम्म्या अंतराची, तयारी करतोय. १.९ किलोमीटर पोहणं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धावणं. पुण्याचे एक कोच त्याला फोनवरून आठवड्याचं वेळापत्रक देतात. मेसेजचा पहिलाच मुद्दा या कोच मंडळींवर आहे. ‘१९७८ साली पहिल्या आयर्नमॅनला कोणाकडे कोच होता? सगळे प्लॅन फुकट मिळतात, मग पैसे कशाला?’

यातलं अर्धं खरं आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. एकच वेळापत्रक पन्नास जणांना नाव बदलून पाठवणारे कोच मीही पाहिलेत. त्यांच्यापेक्षा फुकटचा प्लॅन बरा. पण १९७८चा दाखला द्यायचा तर पूर्ण द्या. हवाईच्या ओआहू बेटावर त्या दिवशी पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केलं. जिंकलेला गॉर्डन हॉलर आधीपासूनचा कसलेला धावपटू होता. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या सोबत्यांकडचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली, असं सांगतात. हा आदर्श समोर ठेवायचा असेल तर ठेवा बापडे.

मिलिंद सोमण यांचंही नाव मेसेजात आहे: ‘पन्नाशीला आले तरी केलं, तुम्ही का नाही?’ त्यांनी २०१५ साली झुरिकची पूर्ण आयर्नमॅन केली, हे खरंच. पण ते तरुणपणी पोहण्यातले राष्ट्रीय विजेते होते, हे मेसेज लिहिणाऱ्याने गाळलं. अशी माणसं नेमकं तेवढंच कसं गाळतात, देव जाणे.

आता मुख्य मुद्दा. मेसेजातली वाक्यं जशीच्या तशी देतो: ‘तहान लागली म्हणजे उशीर झाला. दर तासाला दोन लिटर पाणी प्या. लघवी पाण्यासारखी होईपर्यंत थांबू नका. मीठ बंद करा, त्याने रक्त घट्ट होतं.’

फेब्रुवारीतल्या एका रविवारी भाचा पहाटे धुळ्याहून निघाला. आग्रा रोडने सोनगीर, नरडाणा करत शिरपूर आणि तिथून परत, साधारण शंभर किलोमीटर. हवा गार होती, घाम बेताचा. तरी दर ढाब्यावर थांबून तो बाटल्या रिचवत राहिला. घरी आला तेव्हा बोटं सुजलेली, घड्याळाचा पट्टा मनगटात रुतलेला, डोकं ठणकत होतं. अंगणातच उलटी झाली. अक्का ओरडली, “पोऱ्याले ऊन लागनं, पानी पाजा!” आणि आम्ही शहाण्यांनी त्याला आणखी दोन पेले लिंबूपाणी पाजलं. त्यात मीही होतो.

मग मी कोचना फोन लावला. त्यांनी ऊन विचारलं नाही, काय खाल्लं विचारलं नाही. विचारलं, “वजन किती?” मेव्हण्यांचा कापसाचा व्यापार आहे, दुकान घराला लागूनच. लांब राइडआधी आणि नंतर तिथल्या काट्यावर उभं राहायचं, हे कोचनीच त्याला लावलेलं वळण. निघताना ७०.४ किलो होतं. धरून उभं केलं, ७२.६ भरलं. फोनवर दोनच वाक्यं आली: “पाणी ताबडतोब बंद करा. दवाखान्यात न्या आणि सोडियम तपासायला सांगा.” रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, लिटरमागे १२६ मिलिमोल निघालं. ते १३५ ते १४५ असायला हवं. रात्रभर दवाखान्यात काढावी लागली.

शंभर किलोमीटर सायकल मारून आलेल्या माणसाचं वजन घटायला हवं. ते सव्वादोन किलोने वाढलं याचा अर्थ पोटात आणि रक्तात जादा पाणी साठलंय. लांबलचक श्रमात शरीर पाणी धरून ठेवणारं एक संप्रेरक सोडतं, त्यामुळे मूत्रपिंडं हे जादा पाणी पटकन बाहेर टाकत नाहीत. रक्तातलं सोडियम पातळ होतं, पाणी पेशींमध्ये शिरतं, पेशी फुगतात. बोटं फुगली तर अंगठी अडकते. मेंदू फुगला तर कवटीत त्याला सरकायला जागा नसते. आधी डोकेदुखी, उलटी, भ्रम, मग झटके, आणि माणसं यात दगावलीही आहेत. सुरुवातीची लक्षणं ऊन लागल्यासारखीच दिसतात, त्यामुळे आपल्याकडे पहिला उपाय म्हणून आणखी पाणीच पाजलं जातं.

हे माझ्या घरापुरतं नाही. २००२च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं गेलं आणि तो अभ्यास २००५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. १३ टक्के लोकांचं सोडियम कमी होतं. धोक्याची सर्वांत ठळक खूण कोणती निघाली? शर्यतीत वजन वाढणं. कोचनी फोनवर विचारलं ते हेच. आणखी एक गोष्ट त्यात आहे, जी ‘पाण्यात इलेक्ट्रॉल टाकलं की झालं’ म्हणणाऱ्यांनी वाचावी: साधं पाणी प्यायलं की स्पोर्ट्स ड्रिंक, याने फरक दिसला नाही. किती प्यायलं, याने मात्र दिसला.

खानदेशात ऊन मारतं, हे मला कोणी सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो तेव्हा पाण्याविना सायकल काढणारा मूर्खच. पण त्यावर उपाय म्हणून सगळ्यांना एकच आकडा देता येत नाही. तासभर सायकल चालवा, आधी-नंतर वजन करा, जेवढं घटलं त्यात किती प्यायलात ते मिळवा. वजन ८०० ग्रॅम घटलं आणि अर्धा लिटर प्यायलात, तर तुमचा तासाचा घाम साधारण १.३ लिटर. जानेवारीत हा आकडा वेगळा येईल, मेमध्ये वेगळा. प्यायचं तहानेप्रमाणे. हा घाम भरून काढायलाच हवा असं नाही, पण त्याच्या वर पाणी जाता कामा नये.

बाकीचे मुद्दे उरकतो. ‘आराम म्हणजे आळस, रोज कालच्यापेक्षा जास्त.’ शरीर कमावलं जातं ते आरामाच्या दिवशी. रोज वाढवत गेलात तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी किंवा गुडघा तुम्हाला बसवेल. ‘विहिरीत पोहणाऱ्याला शिकायचं काही नाही.’ मीही पाठीला डबा बांधून विहिरीतच शिकलो. पण विहिरीत चार हात मारले की कठडा येतो. १.९ किलोमीटर म्हणजे २५ मीटरच्या तलावात ७६ फेऱ्या, आणि समुद्रात तर धरायला कठडाच नाही. त्या जोरावर नकाण्याच्या तलावात किंवा तापीत एकट्याने उतरू नका.

केळ्याचा मुद्दा मात्र मला पटला, आणि तो पटल्याचा थोडा रागच आला. ‘महागड्या जेलपेक्षा केळी बरी.’ रावेर-यावलची केळी सोडून कोणी पाकिटातला पाक चोखावा, असं मलाही वाटत नाही. एका केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम कर्बोदकं असतात, सायकलवर तासाला दोन-अडीच खाल्ली तरी काम भागतं. धावताना पोटात तेवढी मावत नाहीत, हे शर्यतीच्या दिवशी नाही, आधीच करून बघायचं.

भाचा तीन आठवडे घरी होता. आता पुन्हा रविवारी काट्यावर उभा राहतो. दुकानातला हमाल वजन पाटीवर लिहितो, कापसाच्या नोंदींच्या खाली. गेल्या रविवारी ७०.१ आणि ६९.३. भाच्याने पाटीचा फोटो कोचना पाठवला. उत्तर आलं, “चालेल.”