टप नसलेली गाडी

आमच्याकडे एक लाल गाडी आहे, दोन सीटची, छत कापडाचं. म्हणजे आमची नाही, चुलतभावाची. तो जर्मनीला गेला आणि जाताना "वापरत जा रे, उभी राहिली की बॅटरी मरते" म्हणून चावी हातात देऊन गेला. या गाडीत बसायचं नसतं, उतरायचं असतं, विहिरीत उतरतात तसं. शेजारी एसटी येऊन थांबली की आपल्या डोळ्यासमोर तिच्या चाकाचे नट येतात आणि वरच्या खिडकीतली माणसं थेट आपल्या मांडीवर काय ठेवलंय ते बघतात. साताऱ्यात पोवई नाक्यावरून राजवाड्यापर्यंत जायचं तर चार जण तरी विचारणार, "कितीला पडली?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "पण सामान कुठं ठेवता ओ?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मागच्या डिसेंबरपर्यंत माझ्याकडे नव्हतं, कारण तोवर सामान म्हणजे कोथिंबिरीची जुडी एवढंच होतं. डिसेंबरात आमच्या लग्नाला १५ वर्षं झाली आणि मी जोशात म्हणालो की आपण दोघंच बामणोलीला जाऊ, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर टेंट लावून राहू. पोरगं आजी-आजोबांकडे राहील. बामणोलीत टेंट भाड्याने तयार मिळतात हे मला माहीत होतं, पण नवीन टेंट ऑनलाइन मागवून आठ महिने माळ्यावर पडला होता त्यामुळे मी हा विषय घरात कुणाला सुचूच दिला नाही.

आधी डिकी मोजली. जगात सगळ्यात जास्त खपलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार म्हणजे माझदाची एमएक्स-५, १९८९ पासून बनतेय, तिच्या आत्ताच्या मॉडेलची डिकी १३० लिटरची. आमची गाडी तिच्याच जातकुळीची, थोडी थोरली-धाकटी. आता १३० लिटर म्हणजे नेमकं किती हे कुणाला कळतं? मी किराण्याच्या हिशोबात काढलं, १५ किलोच्या तेलाच्या डब्यात साधारण साडेसोळा लिटर तेल मावतं, म्हणजे आठ डबे. बरं वाटलं, आठ डबे म्हणजे पुष्कळ झाले. मग वाण्याकडून खरोखर रिकामे डबे आणून डिकीत लावून बघितले तर पाच बसले, सहावा आडवा घातला तर झाकण लागेना. डिकी चौकोनी नसतेच ना, चाकाचा उंचवटा आत येतो, झाकणाची बिजागरी खाली येते, आणि मधोमध स्टेपनी पसरलेली असते. वॅगनआरच्या डिकीत ३४१ लिटर मावतं म्हणे, पण वॅगनआरमधून गेलं की कुणी "कितीला पडली" विचारत नाही.

सीटच्या मागे वीतभर फट आहे. ती जागा मी हिशोबात धरली होती, पण छत उघडलं की ते घडी होऊन तिथेच येऊन बसतं. म्हणजे एक तर छत उघडा नाहीतर घोंगडी न्या. बायकोच्या डोक्यात यवतेश्वरच्या घाटात उघड्या गाडीतून ओढणी उडवत जायचं होतं. मी म्हटलं अगं डिसेंबरात सकाळी सहाला घाटात ओढणी नाही, नाक उडून जाईल. घोंगडी जिंकली. पण ते वाक्य तिने जपून ठेवलंय हे मला नंतर कळलं.

मग यादी सुरू झाली आणि माझ्या लक्षात आलं की घरातल्या प्रत्येक वस्तूला एक वकील आहे. आईने पितळी तांब्याचं वकीलपत्र घेतलं. "बाहेरचं पाणी, कशात प्याल?" पोराने स्वतः येणार नसून दुर्बीण पाठवली, वर "मला फोटो काढून दाखवा" म्हणे, दुर्बिणीतून! आणि बायकोने काढलं भडंग.

इथे थोडं सविस्तर सांगायला पाहिजे. बायको सांगलीची. सांगलीचा माणूस कुठेही निघाला, दवाखान्यात अ‍ॅडमिट व्हायला निघाला तरी सोबत भडंग घेतो. माझं भडंगाशी वैर नाही, चवीला उत्तमच आहे, पण पॅकिंगच्या दृष्टीने भडंग म्हणजे मसाला लावलेली हवा. किलोभर भडंगाची पिशवी उशीएवढी होते आणि दाबायची सोय नाही, दाबली की चुरा. याउलट आमचा साताऱ्याचा कंदी पेढा बघा. पाव किलो पेढे शर्टाच्या खिशात मावतात, वर गाडी कितीही आदळली तरी पेढ्याला काही होत नाही, फार तर खिशाला होतं. हे मी बोलून दाखवलं. त्यावर बायको म्हणाली, "अहो, मग पेढ्याचाच टेंट लावा." नंतरची दहा मिनिटं मी गप्प राहून डिकी पुसली.

शेवटी तडजोड अशी झाली की भडंग येणार, पण पॅकिंगचं सामान म्हणून. कंदिलाच्या काचेभोवती एक पिशवी, दुर्बिणीखाली एक आणि झाकणाच्या वाकाला तिसरी. खरं सांगतो, काच फुटली नाही.

वडील एवढा वेळ ओट्यावर पेपर वाचत होते. एसटीत ३१ वर्षं कंडक्टर. माझ्या पाच बॅगा, झिपवाले कप्पे, यूट्यूबवर बघून आणलेल्या चौकोनी पिशव्या हे सगळं त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "१९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी सुटली, तवापास्नं एसटीनं सामान जास्त झालं म्हणून कुणाला मागं ठिवलं न्हाई. टपावर शेळी चढवलीय मी. तुझ्या गाडीला टपच न्हाई, तिथंच सगळं बिघडलं." कापडाच्या छतावर कॅरिअर लागत नाही हे त्यांना पटवता पटवता माझा चहा गार झाला.

मग ते स्वतः उठले. पहिलं काम, सगळ्या बॅगा रद्द. बॅगेला स्वतःचा आकार असतो, वळकटीला नसतो, हा त्यांचा सिद्धांत. सतरंजी अंगणात अंथरली, तिच्यावर घोंगडी, तिच्यावर कपडे, घडी न घालता पसरून, बाह्या आत. मग एका टोकाने गुंडाळायला घेतलं आणि मला म्हणाले, "गुडघा दे." मी गुडघा दिला. "अजून दे. लग्नाला १५ वर्षं झाली, वजन वाढलंय ते कामाला येऊ दे." प्रत्येक वेढ्याला फुस्स करून हवा बाहेर, मग सुंभाचे दोन आवळ आणि वर सरकगाठ. चार माणसांचं अंथरूण होईल एवढा ऐवज तुरीच्या पेंढीएवढा झाला आणि दाबला तसा उंचवट्यामागे जाऊन बसला. टेंटचंही तेच, मूळ पिशवीतून बाहेर काढला, कापड वेगळं, काठ्या वेगळ्या. त्या काठ्या रबरी दोरीत ओवलेल्या असतात, दुमडल्या की हातभर होतात, तरी डिकीत सरळ मावेनात, मग हँडब्रेक आणि बायकोची सीट यांच्या मधल्या खाचेत खोचल्या. जड सामान खाली आणि पुढं, आधी लागणारं वर. भांडी एकात एक, सगळ्यात आतल्या भांड्यात मीठ-मसाल्याच्या पुड्या. पितळी तांब्यात चहापावडर. स्टेपनीच्या मधल्या खोलगट भागात बटाटे, तीन किलो, कांदे मिसळून. त्या खळग्यात इतके बरोबर बसले की वाटावं कंपनीने बटाट्यासाठीच केलाय.

निघालो. बामणोली साताऱ्यापासून जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटर, म्हणजे पॅकिंगला लागलेल्या वेळात आम्ही कोल्हापूरला जाऊन तांबडा-पांढरा ओरपून आलो असतो. गाडी मुळात जमिनीला लागून, त्यात हे ओझं, पहिल्याच स्पीडब्रेकरला पोटातून कर्र आवाज आला. दुसऱ्याला बायको म्हणाली थांबा, मी उतरते. ती मांडीवरच्या पिशवीसकट उतरली, मी गाडी तिरकी घालून पार केली, ती पलीकडे चालत येऊन परत बसली. रस्त्याकडेला शाळेची पोरं उभी होती. त्यातलं एक ओरडलं, "काकी, ढकला की!"

आणि यवतेश्वर ओलांडून कासच्या अलीकडे टायर बसला.

कासचं पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलं. सप्टेंबरात फुलं बघायला इतकी माणसं येतात की पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबरात मात्र वाळलेलं गवत, वारा आणि आम्ही. स्टेपनी काढायची तर आधी बटाटे काढायला लागणार, बटाट्यावर भांडी, भांड्यावर वळकटी, वळकटीवर भडंग. सगळा संसार रस्त्याच्या कडेला मांडला, बटाट्याचा ढीग वेगळा, कांद्याचा वेगळा. एक मोटरसायकलवाले काका थांबले, पाय टेकवला आणि विचारलं, "काय भाव?"

पण खरी मजा पुढे. या गाड्यांची स्टेपनी बारकी असते, सायकलपेक्षा जरा बरी, जागा वाचावी म्हणून. ती चाकाला लागली. आता निघालेलं पंक्चर चाक तिच्या खळग्यात ठेवायला गेलो तर ते रुंद! डिकीचं झाकण हातभर वर. मी चाक हातात धरून उभा, बायको गाडीत. मी चाकाकडे बघितलं, मग तिच्या मांडीकडे बघितलं. ती एवढंच म्हणाली, "नुसतं विचारून तर बघा."

मोटरसायकलवाल्या काकांनी चाक मागे बांधलं आणि बामणोलीत पंक्चर काढून ठेवायला सांगतो म्हणाले. बटाटे बायकोने ओढणीत बांधून मांडीवर घेतले. ओढणी शेवटी कामाला आली, असं बोलायचं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं.

बामणोलीला पोचलो त्याचं वर्णन करत नाही, पाणी, डोंगर, सूर्यास्त, सगळं फोटोत असतं तसंच होतं. रात्री थंडी मरणाची. घोंगडी नसती तर सकाळी आमचे पुतळे झाले असते. भडंगही संपलं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त मी खाल्लं. दुर्बिणीतून फोटो आला नाही.

सकाळी टेंट दवाने असा भिजला होता की पिळला तर कासचा तलाव भरला असता. त्याचं कापड आता कुठल्याही वेढ्यात बसेना, मी गुडघा दिला, दोन्ही दिले, शेवटी वर बसलो, तरी येताना होता त्याच्या दुप्पट. त्यात ज्यांच्या रानात टेंट लावला होता त्या मावशींनी मायेने एक तांबडा भोपळा दिला, परडीएवढा. मावशींना नाही म्हणणं बायकोला जमत नाही आणि भोपळ्याची वळकटी होत नाही.

वडिलांना फोन लावला. दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मागे टीव्हीचा आवाज येत होता. मग म्हणाले, "साताऱ्याची गाडी लागली असंल बघ. कंडक्टरला माझं नाव सांग."

तर टेंट एसटीने गेला. आम्ही भोपळा मधे ठेवून, प्रत्येक स्पीडब्रेकरला एक माणूस आणि एक भोपळा उतरवत, तासभर उशिरा घरी पोचलो. वडील स्टँडवरून टेंट घेऊन आधीच आले होते आणि तो अंगणात दोरीवर वाळत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, सुंभ बोटाला गुंडाळत म्हणाले, "सैल बांधली होतीस."