‘तिन्ही बोटी सरळ जात नाहीत’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

दोन स्टार दिलेत, हरकत नाही. ‘साताऱ्याहून धोमला येऊन तीन कयाक चालवून पाहिल्या, एकही सरळ जात नाही, लाल तर जागच्या जागी गरगरते, आत पाणीही शिरलं, सगळा भंगार माल,’ असं तुम्ही लिहिलंय.

आधी पाण्याचं. ती चूक आमचीच. तुम्ही गेल्यावर लाल बोट उलटी करून पाहिली. बूड शाबूत आहे, पण मागच्या बुचाचा रबरी वॉशर चिरलेला निघाला. तिन्ही बोटींचे वॉशर बदलले. लाल बोटीचे पैसे परत करतो.

गरगरण्याचं मात्र मान्य नाही. या रॅपिडच्या, म्हणजे खडकांतून उसळत धावणाऱ्या पाण्याच्या बोटी आहेत, त्या वळण्यासाठीच बनतात. टोकं वर उचललेली, त्यामुळे पाण्याला टेकतो तो भाग आखूड. खडक समोर आला की एका वल्ह्यात नाक फिरलं पाहिजे ना! तीच बोट धोम धरणाच्या संथ पाण्यात प्रत्येक वल्ह्याला डावी-उजवी डोलणार. शर्यतीच्या छकड्यात बसून ‘पोती ठेवायला जागा नाही’ म्हणण्यासारखं झालं हे.

त्यात लाल ही प्लेबोट, म्हणजे लाटांवर कसरती करायची बोट. जेमतेम 6 फूट, बूड परातीसारखं सपाट, कडा धारदार, मागची बाजू इतकी चपटी की जरा मागे रेललात तर बुडते. लाटेवर खेळायला तिच्यासारखी मजा नाही, पण प्रवाह येतो त्या बाजूची कड पाण्यात गेली की क्षणात उलटी. शिवाय ती साधारण 70 किलोपर्यंतच्या माणसाची. तुमचं वजन न विचारता आमच्या पोरानं ती दिली, हेही चुकलंच. हिरवी साडेआठ फुटी क्रीक बोट, म्हणजे अरुंद, उताराच्या ओढ्यांसाठीची, तुमच्या मापाची होती. गोलसर बूड, पोटात भरपूर हवा, उंचावरून पडली तरी नाक वर काढते, चुका पोटात घालते. वळायला जरा आळशी, एवढंच. निळी या दोघींच्या मधली, नाक जाड आणि शेपूट पातळ. एकच घ्यायची तर मी स्वतः निळीच घेईन, पण रोल, म्हणजे उलटलेली बोट आत बसूनच सरळ करणं, पक्का झाल्यावर.

आणखी एक. फूटरेस्ट तुमच्या पायाला लावून दिले नव्हते. गुडघे मांडीपट्टीला (बोटीच्या आत मांड्या अडकवायच्या आधाराला) घट्ट टेकले नाहीत तर कंबर हलवून बोट कलतच नाही, मग माणूस नुसत्या हातांनी झगडतो. तुमचे खांदे दुखले असतील ते त्यामुळे.

खरी तुलना वाहत्या पाण्यातच होते. पुढच्या फेरीला आंबेनळी घाट उतरून कोलाडला जाणार आहोत, कुंडलिका नदीला सकाळी धरणातून पाणी सोडतात तेव्हा. हिरवी बोट तुमच्यासाठी ठेवतो, जागेचे पैसे नकोत. त्याआधी एकदा धोमला सकाळी सातला या, दुपारी वारा सुटतो. हेल्मेटही तुम्हाला घट्ट होत होतं, मोठं काढून ठेवलंय.