काळी पडणारी काच आणि आमच्याकडून झालेला उशीर

नमस्कार,

तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून नवऱ्याऐवजी मीच उत्तर देते आहे. त्यालाही सगळं वाचून दाखवलं. त्याने बसवलेल्या, लाकडावर चालणाऱ्या स्टोव्हची काच दोन दिवसांत काळी होते, घरात धूर येतो, छपरावरचं धुराडं उगाच उंच करून बिल वाढवलं आणि बोलावूनही तीन आठवडे कोणी फिरकलं नाही, या तुमच्या तक्रारी.

शेवटची आधी घेते. चूक आमचीच. व्हर्मॉन्टमध्ये जानेवारीत सगळ्यांचीच धुराडी एकदम अडतात आणि बघणारा हा एकटा. पण तुम्हाला फोन करायला मी दुकानात होते ना! पुण्याहून आलेल्या आई-बाबांना कोट घालून झोपावं लागलं हे वाचून फार वाईट वाटलं. त्यांची आणि तुमची मनापासून माफी मागते.

धुराडं मात्र कमी करणार नाही. छपरातून निघतं तिथून किमान 3 फूट वर, आणि 10 फुटांच्या आत छपराचा जो भाग येईल त्याहून 2 फूट उंच, असा इथला नियम आहे. आखूड ठेवलं तर वारा धूर उलटा घरात ढकलतो.

आता काच. मंगळवारी त्याने तुमच्याकडचा ओकचा ओंडका फोडून आतून मीटर लावला. ओल 34 टक्के. ती 20च्या खाली हवी. विकणाऱ्याने वाळलेलं म्हणून दिलं असेल, पण ओक फोडून रचल्यावरही दोन उन्हाळे घेतो. ओल्या सरपणाची धग पाणी उकळण्यातच जाते, धूर थंड राहतो आणि त्यातलं क्रिओसोट, म्हणजे डांबरासारखं काळं चिकट द्रव्य, काचेवर, धुराड्यात चिकटतं. काच पुसता येते. धुराड्यातला थर पेट घेतो, मला त्याची भीती वाटते.

नवरा आयर्लंडच्या मेयोचा. त्याच्या घरी पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, जाळत. दलदलीतून कापलेल्या ओल्या विटा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, उन्हावाऱ्यात सुकवायच्या, मगच घरी आणायच्या. हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं, त्यामुळे कुणाला सांगावं लागतं हेच त्याला सुचत नाही. स्टोव्ह बसवला त्याच दिवशी तुमचं सरपण तपासायला हवं होतं. आता प्रत्येक घरी आधी मीटर लावतो.

शनिवारी सकाळी तो धुराडं झाडायला येतोय, सोबत आमच्याकडचं वाळलेलं सरपण आणेल. पैसे नकोत. तोवर कृपा करून स्टोव्ह पेटवू नका. आणि तो ओक टाकू नका, वरून झाका, बाजू उघड्या ठेवा.