जरा थांबवा!

आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा ‘जुन्या पुण्याची संध्याकाळ’ करायचं ठरलं. पूर्वी मंडळं रस्त्यात पडदा बांधून सिनेमा दाखवायची, लोक पडद्याच्या दोन्ही अंगांना बसायचे आणि मागच्या बाजूला सगळे नायक डावखुरे दिसायचे. ते सगळं तस्संच हवं होतं. अप्पांच्या माळ्यावर १६ एमएमचा प्रोजेक्टर होताच. ‘चालवणार कोण?’ म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी एकदा कुणाच्या तरी बंद पडलेल्या मिक्सरच्या बुडाचं लाल बटण दाबून दिलं होतं.

रिळाचा डबा उघडला आणि घरभर आंबूस वास सुटला. “चायनीज मागवलंयस का?” बायको आतून ओरडली. ॲसिटेटची फिल्म म्हातारी झाली की तिच्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, म्हणजे व्हिनेगरच. १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आपल्याच लॉ कॉलेज रोडवर आहे, तिथे रिळं थंड, कोरड्या कोठारात जपतात. अप्पांनी त्यांचं रीळ पत्र्याखाली, पापडांच्या डब्यामागे जपलं होतं.

खरी परीक्षा फिल्म ओवण्याची. वरच्या रिळातून ती दातेरी चाकावर घ्यायची, दिव्यासमोरच्या फटीतून, म्हणजे गेटमधून खाली आणायची, आवाजाच्या ड्रमवरून फिरवून पुन्हा दातेरी चाक आणि मग खालचं रीळ. चाकं अखंड फिरत असतात, पण गेटमध्ये मात्र फिल्म सेकंदाला २४ वेळा थांबते आणि २४ वेळा सरकते. एक इवलासा क्लॉ कडेच्या भोकात नखं घालून तिला एकेक चौकट खाली खेचतो. या दोन स्वभावांचं भांडण होऊ नये म्हणून गेटच्या वर आणि खाली फिल्मचा सैल लूप सोडायचा. लूप गेला की चित्र थरथरतं आणि भोकं फाटतात.

“एवढं सैल कशाला सोडतोस? घट्ट घे,” अप्पा म्हणाले. अप्पा पायजम्याची नाडीसुद्धा दोन गाठी मारून बांधतात.

खालचा लूप मोठा झाला तर वेगळीच गंमत. प्रत्येक चित्राचा आवाज फिल्मवर २६ चौकटी पुढे छापलेला असतो. लूप वाढला की आवाज मागे पडतो. आमचं रीळ होतं शेतीवरच्या माहितीपटाचं. त्यातला शेतकी अधिकारी तोंड मिटून घ्यायचा आणि मग खतांबद्दल बोलायचा.

चौकट सरकताना दिसू नये म्हणून शटरची पाती प्रकाश अडवतात. थांबलेल्या चौकटीवरही एक पातं फिरून जातं, नाहीतर डोळ्यांना लुकलुक जाणवते. म्हणजे प्रेक्षक बराच वेळ चक्क अंधार बघत असतो. हे ऐकून अप्पा गंभीर झाले. “म्हणजे आम्ही आयुष्यभर तिकिटाचे पूर्ण पैसे दिले ते?”

कार्यक्रमाच्या दिवशी मशीन कुरकुरत का होईना, चाललं. पडद्यावर बैल आला, पाठोपाठ नांगर आला. मागच्या अंगाला बसलेल्या पोरांनी शीर्षकं उलटी वाचून दाखवली. आणि ऐन वेळी अध्यक्ष उठले. “जरा थांबवा! प्रसाद वाटून घेऊ.”

मी मान हलवून नाही म्हणेपर्यंत अप्पांनी मदत म्हणून मोटरचं बटण बंद केलं. दिवा चालूच. चौकट पळती असते तोवर तिला त्या दिव्याची धग सोसते. थांबली की संपलंच. काही मशिनांत थांबलेल्या चौकटीपुढे उष्णता अडवणारी जाळी येते. आमच्या मशिनातली जाळी केव्हाच निवृत्त झाली होती. पडद्यावर अधिकाऱ्याच्या गालावर तपकिरी ठिपका उमटला, फुगला, त्याला बुडबुडे आले आणि बघता बघता त्याचं डोकं वितळून पांढरंफटक भोक पडलं.

टाळ्या कडाडल्या. “पूर्वी इफेक्ट काय द्यायचे!” कुणीतरी म्हणालं.

जळकी चौकट आणि तिच्या आजूबाजूचा कुरकुरीत झालेला भाग कापून मी चिकटपट्टीने सांधा मारला. मूग भिजवण्यापासून वाटपापर्यंत प्रसादाचा कार्यक्रम सविस्तर चालू असल्याने वेळ भरपूर होता. पुन्हा दिवा लागला. पेरणीबद्दल बोलायला अधिकाऱ्याने तोंड उघडलं, सांधा खाडकन गेटमधून गेला, आणि थेट पोत्यांनी भरलेली बैलगाडी बाजारात शिरली.

“बघ,” अप्पा माझ्या कानाशी पुटपुटले, “आता जरा गती आली पिक्चरला. अजून कुठे थांबवू का?”