ऊन पडलं, वारा सुटला म्हणजे बर्फ सेफ झाला असं नाही

काका नमस्कार. तुमचं म्हणणं असं की बेळगावात बसून हिमालयातल्या बर्फावर कशाला लिहायचं, आणि दुसरं म्हणजे ऊन पडलं की बर्फ वितळतो, वारा सुटला की उडून जातो, मग हिमस्खलनाचा, म्हणजे उतारावरचा बर्फ सुटून खाली कोसळण्याचा, धोका वाढतो कसा, उगीच पोरांच्या आयांना घाबरवू नका.

पहिल्याचं थोडक्यात सांगतो. २०१६ च्या ३ फेब्रुवारीला सियाचीनला हिमस्खलनात गाडले गेलेले जवान हनुमंतप्पा कोप्पद आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातलेच, ८ तारखेला जिवंत सापडले आणि ११ ला गेले. आता तर टिळकवाडी, शहापूर, खानापूरची पोरं उत्तराखंडला ट्रेकला जातात की हो, मग लिहायला नको?

आता वारा. तो बर्फ उडवतो हे बरोबर, पण उडालेला जातो कुठं? डोंगराच्या धारेच्या एका बाजूचा उचलून पलीकडं आडोशाच्या उतारावर नेऊन टाकतो, आणि हे वरून एक कण न पडता, निळ्याशार आकाशाखाली होतं, बर्फ पडताना साठतो त्याच्या कितीतरी पट वेगानं. वाटेत कण आपटून बारीक होतात, मग घट्ट बसून त्यांचा कडक थर होतो. खाली जुना, दाणेदार, सुटा बर्फ असला की मोहरीवर फरशी ठेवल्यासारखं होतं बघा. पाय रुतत नाही म्हणून भक्कम वाटतं, आणि एका माणसाच्या वजनानं अख्खा थर तुटून सुटतो. पायाखाली धप्प आवाज आला, बुटापासून भेग पळत गेली, तर तिथूनच मागं फिरायचं, फोटो काढत थांबायचं नाही.

उन्हाचं जरा वेगळं. हळूहळू ऊब मिळाली तर बर्फ दबून बसतो, तेवढं तुमचं पटतं. पण एकदम गरम झालं नाहीतर पाऊस पडला की पाणी आत झिरपतं आणि दाण्यांची आपसातली पकड सुटते, म्हणजे बर्फ कमी व्हायच्या आधी सैल होतो. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडायला लागले की समजायचं. पूर्वेचा उतार सकाळीच तापतो, पश्चिमेचा दुपारनंतर. आणि पहाटे निघालं की झालं असं धरून चालतात ना, ते रात्री आभाळ मोकळं असेल तरच, कारण ढगाळ रात्री बर्फ नीट गोठतच नाही, मग सकाळी सहालासुद्धा त्याचा भरवसा नाही.

तुमचा मुलगा मार्चमध्ये जातोय म्हणालात, त्याला जाऊ नको असं मी म्हणत नाही. ग्रुप लीडरला एवढं विचारायला सांगा, वाटेत ३० ते ४५ अंशांचे, म्हणजे बर्फ सुटायचा धोका जास्त असलेले उतार कुठं आहेत, ते किती वाजता ओलांडणार, रात्रभर ढग राहिले तर प्लॅन काय, आणि चंदीगडच्या डीजीआरईचा (बर्फाचा अभ्यास करणारी संरक्षण खात्याची संस्था) हिमस्खलनाचा इशारा बघतात का. 'वर गेल्यावर बघू' असं उत्तर आलं तर मला इथंच कळवा, मी स्वतः त्यांच्याशी बोलतो.