मोटरचा ब्रश मागितला, टर्बो का दिला: एका अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. व्हॅक्यूम क्लीनरला मोटरचा ब्रश मागितला असताना आम्ही हवेवर फिरणारा टर्बो ब्रश दिला, तो आतल्या खोलीतल्या कार्पेटवर टेकवताच थांबतो आणि हॉलमधल्या गालिच्याची लोकर पिशवीत येते, असं तुम्ही लिहिलंय. ‘स्वस्तातला माल गळ्यात मारला’ हे वाक्य मात्र मनाला लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ब्रश घ्यायला येणाऱ्या बऱ्याच जणांचा इथेच गोंधळ होतो, त्यांनाही वाचता येईल.

टर्बो ब्रशला वीज लागत नाही. मशीन जी हवा ओढतं, ती ब्रशच्या आतल्या छोट्या पंख्यावरून जाते. पंखा भिंगरीसारखा फिरतो आणि पट्ट्यावरून ब्रशच्या केसांचा रोलर फिरवतो. म्हणजे रोलरला जो काही जोर मिळतो, तो वाहत्या हवेचा. दाट कार्पेटवर ब्रशचं तोंड रुतून बंद होतं, हवा आत यायची कमी होते आणि पंखा मंदावतो. त्याच वेळी आतली ओढ वाढलेली असते, ब्रश कार्पेटला चिकटतो, पुढे ढकलताना मनगट दुखतं. हाताला वाटतं मशीन भरपूर जोर लावतंय, आणि खाली रोलर थांबलेला असतो. पिशवी भरली, फिल्टर कोंदला किंवा मुठीजवळची हवेची खिडकी उघडी राहिली तरी हेच होतं. शिवाय तुम्ही टाकलेल्या फोटोत रोलरच्या दोन्ही टोकांना कुत्र्याचे केस घट्ट गुंडाळलेले दिसतात. एवढे केस असताना टर्बो ब्रश साध्या पातळ सतरंजीवरही अडेल. मशीन बंद करून, कात्रीने रोलरच्या लांबीत कापून ते काढा. ब्रशचे केस कापले जाणार नाहीत एवढं सांभाळा.

मोटरच्या ब्रशचं तसं नसतं. त्याच्या डोक्यातच वेगळी मोटर असते, त्यामुळे कार्पेट दाट असलं तरी रोलरचा वेग फारसा पडत नाही. दाट कार्पेटच्या बुडाशी बसलेली बारीक वाळू नुसत्या ओढीने निघत नाही, ती झटकून वर आणावी लागते. आणि चालताना पायाखाली घासून तंतू झिजवते ती हीच वाळू, वर दिसणारी धूळ नव्हे. 1908 साली अमेरिकेत ओहायोच्या जेम्स स्पँग्लर यांनी ज्या व्हॅक्यूम क्लीनरचं पेटंट घेतलं, त्यातही ब्रश मोटरवरच फिरत होता. तेव्हा भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवलेल्या तुमच्या आतल्या खोलीच्या कार्पेटला मोटरचाच ब्रश हवा, यात दुमत नाही. दुकानातही मी हेच म्हटलं होतं.

मग दिला का नाही? कारण तुमचं मशीन. मोटरच्या ब्रशला वीज पोचवायची तर नळीत आणि पाइपात आतून वायर लागते, जोडांवर पिना लागतात. तुमची नळी साधी आहे, आतून फक्त हवा जाते. ऑनलाइन ‘सगळ्या मशीनला बसतो’ म्हणून जे ब्रश मिळतात, त्यांचं तोंड तुमच्या पाइपावर बसेलही, कारण 32 आणि 35 मिलिमीटर ही मापं सर्रास चालतात. पण तोंड बसलं म्हणजे वीज पोचली असं नाही. पाइपावर टेप लावून बाहेरून वायर ओढून द्या, असं सांगणारेही भेटतात. ते मी करून देणार नाही. 230 व्होल्टची वायर सारखी वाकत, घासत राहणार, आणि घरात कुत्रा आहे, माणसं अनवाणी फिरतात.

आता हॉलचा गालिचा. तो भदोहीचा, हाताने गाठी मारलेला, लोकरीचा आहे, असं तुम्हीच सांगितलं होतं. खात्री करायची तर कोपरा उलटून पाहा: पाठीमागे गाठी आणि नक्षी दोन्ही दिसली तर तो हाताच्या गाठींचा, पाठीला कापड चिकटवलेलं असेल तर टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता कापडात लोकर टोचून केलेला. नव्या लोकरीच्या गालिच्याची सुटी लव पहिले काही महिने निघतच राहते, ब्रश कुठलाही असो. अशा गालिच्यावर मोटरचा ब्रश रोज फिरवला तर तो लोकर खेचतो, आणि कडेची झालर रोलरमध्ये गेली की ओढतच राहतो. टर्बो ब्रश अशा वेळी अडकून थांबतो. आतल्या खोलीत जो दोष वाटतो, तो हॉलमध्ये उपयोगाचा आहे. तुमच्या बिलाच्या मागे ‘फक्त हॉलसाठी, झालर सोडून’ असं मी लिहून दिलंय, जरूर पाहा. आणि तोही अधूनमधूनच, एरवी साधं सपाट तोंड पुरतं. गालिचा रेशमी असता तर फिरणारा कुठलाच ब्रश मी दिला नसता.

एवढं वाचूनही ब्रश नको असेल तर बिल घेऊन या, पूर्ण पैसे परत मिळतील. ठेवायचा असेल तर रोलर, पट्टा आणि फिल्टर आम्ही फुकट साफ करून देऊ; येताना नळीही आणा, ती कुठे फाटली असेल तर हवा तिथूनच आत येत असेल. आतल्या खोलीसाठी वायरची नळी असलेलं मशीन घ्यावं लागेल, आणि किमतीत बराच फरक पडतो. म्हणून आधी आमचा माणूस डेमोचं मशीन घेऊन घरी येईल. त्याच कार्पेटवर आधी तुमचा टर्बो, मग मोटरचा ब्रश फिरवून दोन्ही वेळा पिशवीत काय आलं ते बघा आणि मग ठरवा. पावसात खिडकीशी कार्पेट ओलं झालं असेल तर आधी सांगा, ओल्यावर मोटरचा ब्रश आम्ही चालवत नाही. सोमवारी दुकान बंद असतं.